सागवानी आरामखुर्चीची डागडुजी : सांध्यांपासून वेतापर्यंत

जुनी आरामखुर्ची दुरुस्तीला दिली की बहुतेक ठिकाणी तिच्यावर एकच उपचार होतो. मशीन फिरवून सगळं लाकूड पांढरंफटक घासायचं, वर मेलामाइन नाहीतर पीयू (पॉलियुरेथेन) अशा रासायनिक पॉलिशचे हात मारायचे, वेताच्या जागी प्लॅस्टिकची पट्टी विणायची आणि 'बघा साहेब, एकदम नवी करून दिली' म्हणून घरी पाठवायची. खुर्ची नवी दिसते हे खरं. पण नवीच हवी असती तर ती दुकानात मिळत होती. उजेड, हात आणि जुनं पॉलिश मिळून सागवानावर जो मधाळ तपकिरी रंग चढतो, तो लाकडाच्या अगदी वरच्या पातळ थरात असतो. मशीनला तो उडवायला दोन मिनिटं पुरतात. परत यायला एक पिढी जाते.

त्यामुळे पुढे जे सांगितलंय त्यातला निम्मा भर काय काढायचं नाही यावर आहे, आणि निम्मा क्रमावर. आधी कीड, मग सांधे, मग साफसफाई, त्यानंतर पॉलिश आणि सगळ्यात शेवटी वेताची वीण. फाटलेला जुना वेत मात्र सांधे उघडायच्या आधीच काढायचा. हा क्रम उलटासुलटा झाला की झालेलं काम पुन्हा करावं लागतं. पॉलिशनंतर सांधा उकलावा लागला तर गोंदाचे ओघळ नव्या पॉलिशवर येतात. विणल्यानंतर पॉलिश केलं तर ते वेताच्या भोकांत साचतं आणि कड काळी पडते.

उदाहरणाला लांब हातांची खुर्ची घेतली आहे. तिरकी पाठ, बैठकीपासून पाठीपर्यंत वेताची जाळी, हातांखालून फिरून पुढे येणाऱ्या दोन फळ्या, म्हणजे दुपारी त्यांवर पाय टाकून पडता येतं. इंग्रज अमदानीत मळेवाल्यांचे बंगले, डाकबंगले, क्लब अशा ठिकाणी या खुर्च्या असत, आणि तिथून त्या आपल्या पडवीत-ओसरीवरही आल्या. मुंबई बंदरात बर्मी साग भरपूर उतरत असे. बर्मी सागाच्या व्यापारातली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ सालची. म्हणून मुंबईकडच्या जुन्या खुर्च्यांत बर्मी साग निघाला तर नवल नाही. वेताचा भाग सोडला तर हीच पद्धत पाट, पेटी, टेबल, झोपाळ्याची फळी, देव्हारा यांनाही चालते. अपवाद एकच. घरात भरगच्च कोरीव कामाची, काळसर शिसवी खुर्ची किंवा कोच असेल, ज्याला जुन्या वस्तूंच्या बाजारात बॉम्बे ब्लॅकवुड म्हणतात, तर धूळ पुसण्यापलीकडे काही करू नका. ते जाणकाराचं काम.

काम कधी काढायचं

चपडीचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश आणि पावसाळा यांचं जमत नाही. हवेतली ओल पॉलिशच्या थरात अडकते आणि वर पांढुरकी झाक येते. सांधेही पावसाळ्यात चिकटवू नयेत. तेव्हा लाकूड फुगलेलं असतं, सांधा घट्ट वाटतो, आणि मार्चमध्ये लाकूड आकसलं की पुन्हा डुगडुगायला लागतो. दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ सगळ्यात बरा. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत चपडी ज्यात विरघळवतात ते स्पिरिट इतक्या झपाट्यानं उडतं की पॉलिश पसरायच्या आतच वाळतं, तिथं सकाळी लवकर कामाला लागावं.

आधी नुसतं बघा

खुर्ची उजेडात आणा आणि उलटी करा. उलट्या खुर्चीत जेवढं कळतं तेवढं सुलट्या खुर्चीत कळत नाही. चारही बाजूंनी फोटो काढा. वेताच्या जाळीचे आणि कडेच्या बांधणीचे तर अगदी जवळून काढा, विणताना तेच उपयोगी पडतील.

आता मागच्या कोपऱ्याला धरून खुर्ची तिरकी रेटा आणि कोणता सांधा जांभई देतोय ते पाहा. तिथं खडूनं खूण करा. पायांच्या तळाशी टोच्यानं दाबून बघा. आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्यानं पुसली जाते, आणि ते पाणी वर्षानुवर्षं पायांच्या तळातून वर चढत राहतं. वरून धडधाकट दिसणारा पाय तळाशी इंचभर भुसभुशीत निघणं ही नेहमीची गोष्ट आहे.

लाकूड कुठलं ते बैठकीच्या चौकटीच्या आतल्या बाजूला, जिथं पॉलिश पोचलेलं नसतं, तिथं थोडंसं खरवडून कळतं. साग हाताला किंचित तेलकट लागतो आणि घासल्यावर चामड्यासारखा वास येतो. शिसव गडद, जांभळट छटेचा आणि उचलताना लगेच जाणवेल इतका जड. कोकण-गोव्यात फणसाच्या लाकडाचं सामान बरंच असतं. ते ताजं खरवडलं की पिवळंधमक दिसतं आणि उघड्यावर पुढे सोनेरी तपकिरी होतं.

शेवटी पॉलिश ओळखायचं. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन आतल्या बाजूला, नजरेआड, मिनिटभर धरा. पॉलिश चिकट होऊन बोळ्यावर तपकिरी उतरलं तर ते चपडीचं. स्पिरिटनं काही झालं नाही पण थिनरनं विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर व्हार्निश, ऑइलपेंट किंवा अलीकडे कुणीतरी मारलेलं पीयू. चपडी निघाली तर निम्मं काम वाचलं म्हणून समजा, कारण जुनी चपडी नव्या चपडीत मिसळते आणि ती खरवडून काढावी लागत नाही.

कीड

वाळवी आणि भुंगा यांत गल्लत होते. वाळवी लागली की मातीचे बोगदे दिसतात आणि लाकूड आतून पोकळ होतं. भुंग्याची भोकं टाचणीच्या डोक्याएवढी असतात आणि खाली पिठासारखी भुकटी पडते. भोकं दिसली म्हणजे भुंगा जिवंत आहेच असं नाही, कित्येकदा तो चाळीस वर्षांपूर्वीच निघून गेलेला असतो. खात्री करायची तर खुर्चीवर थापट्या मारून जुनी भुकटी झाडून टाका, खाली काळा कागद अंथरा आणि पंधरा दिवस खुर्ची हलवू नका. कागदावर ताजी भुकटी पडली तरच औषधाच्या मागे लागा.

औषध म्हणून लाकडाचं तयार कीडनाशक हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. इंजेक्शनच्या सुईनं ते भोकाभोकांत सोडा, मग उघड्या लाकडावर, म्हणजे खालच्या आणि आतल्या बाजूला, ब्रशनं दोनदा लावा. हातमोजे घाला, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, आणि खुर्ची प्लॅस्टिकच्या कागदात आठवडाभर गुंडाळून ठेवा म्हणजे औषध आत मुरेल. तीन-चार आठवड्यांनी काळ्या कागदाची परीक्षा पुन्हा घ्या. हे पॉलिशच्या आधीच करायचं, कारण पॉलिशनं भोकं बुजली की औषध आत जात नाही. नुसतं रॉकेल चोपडण्याचा जुना उपाय करू नका. वास महिनोन्महिने जात नाही आणि वर पॉलिश धरत नाही.

सांधे

सैल सांध्यावर खिळा ठोकणं हा सगळ्यात वाईट उपाय, आणि जुन्या खुर्च्यांत हटकून सापडणारा. खिळ्यानं कुसू (दुसऱ्या लाकडाच्या भोकात बसणारं टोक) फाटतो, पुढे खिळा गंजतो आणि भोवतालचा साग काळा पडतो. असे खिळे आधी काढायचे. गंजलेला स्क्रू फिरत नसेल तर सोल्डरिंगची तापलेली कावी त्याच्या डोक्यावर मिनिट-दोन मिनिटं टेकवा. लोखंड प्रसरण पावून परत आकसतं, गंजाची पकड सुटते आणि स्क्रू निघतो. स्क्रूड्रायव्हर खाचेत घट्ट बसणाराच घ्या.

जुने सांधे जनावरांच्या कातड्याहाडांपासून केलेल्या सरसानं जोडलेले असतात. सरसाचा मोठा गुण असा की तो गरम पाण्यानं सुटतो. गरम पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून सुईनं सांध्यात सोडा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग लाकडी हातोड्यानं, मधे फडकं धरून, हलके ठोके द्या. सुटला नाही तर परत पाणी सोडा. जोर लावू नका. सांध्यात आडवी बांबूची किंवा लाकडाची खुंटी असेल तर ती आधी मागून ठोकून बाहेर काढायची. ती तशीच राहिली आणि तुम्ही सांधा ओढलात तर कुसू तुटणारच. निघालेल्या प्रत्येक भागावर कागदी टेप लावून पेन्सिलीनं खूण करा. डावा हात आणि उजवा हात दिसायला सारखे असतात, बसवताना नसतात. जे सांधे घट्ट आहेत ते उघडायचे नाहीत. सगळी खुर्ची सुटी करण्याचा मोह आवरा.

नवा गोंद जुन्या सरसावर धरत नाही, म्हणून कुसू आणि त्याचं भोक दोन्ही खरवडून लाकूड दिसेपर्यंत साफ करा. फक्त सरस काढायचा, लाकूड तासायचं नाही, नाहीतर कुसू आणखी बारीक होतो. सैल झालेल्या कुसवाला दोन्ही बाजूंनी सागाच्या लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवून तो पुन्हा भरा. भुसा आणि फेविकॉलचा लगदा भोकात कोंबून कुसू बसवला की तेवढ्यापुरता घट्ट वाटतो, वर्षभरात परत सुटतो.

फेविकॉल दोन्ही बाजूंना पातळ लावा, सांधा बसवा आणि आवळा. घरात क्लॅम्प नसतील तर सुती दोरीचे दोन वेढे चौकटीभोवती घ्या, दोरीच्या मधे एक काठी घाला आणि ती फिरवत पीळ द्या. दोरी तारेसारखी ताठ झाली की काठी चौकटीला अडकवून ठेवा. दोरी लाकडाला काचू नये म्हणून कोपऱ्यांवर पुठ्ठा लावायचा. बाहेर आलेला गोंद तिथल्या तिथे ओल्या फडक्यानं पुसा, वाळलेला फेविकॉल पॉलिशखाली पांढरा डाग होऊन दिसतो. आवळल्या आवळल्या खुर्ची सपाट फरशीवर ठेवून चारही पाय टेकतात का पाहा. गोंद ओला असतानाच ती सरळ करता येते. चोवीस तास हात लावायचा नाही.

कुजलेला पाय आणि तुटलेली कड

पाय तळाशी कुजला असेल तर कुजका भाग आडवा न कापता लांब तिरका कापावा. पायाची जाडी दीड इंच असेल तर तिरकस कापाची लांबी नऊ-दहा इंच. तसाच तिरका कापलेला जुन्या सागाचा तुकडा त्याला चिकटवायचा. आडव्या जोडाला ताकद नसते, तिरक्याला असते. लाकूड जुनंच शोधा. पाडलेल्या घराच्या दार-खिडक्यांच्या चौकटी भंगारात किंवा जुन्या लाकडाच्या वखारीत मिळतात, आणि रंग व रेषा त्यांच्याशीच जुळतात. नव्या सागाचं ठिगळ कितीही रंगवलं तरी उठून दिसतं. कडेला टवका उडाला असेल तर ठिगळ चौकोनी न करता लांबट शंकरपाळ्याच्या आकाराचं करा. रेषांना आडवी छेद देणारी सरळ कड डोळ्याला लगेच खटकते, तिरकी खटकत नाही. हे काम हात बसलेल्या सुताराकडूनच करून घ्या, पण मशीन फिरवायचं नाही हे आधी चार वेळा बजावून.

साफसफाई

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथं द्यावा. पॉलिश 'गेलंय' असं वाटतं तिथं निम्म्या वेळा ते मळाखाली जागेवर असतं.

सुरुवात कोमट पाण्यानं. रिठ्याचं पाणी किंवा साध्या साबणाचा फेस, त्यात फडकं बुडवून अगदी घट्ट पिळायचं आणि एकेक भाग पुसून लगेच कोरड्या फडक्यानं टिपायचं. पाणी सांध्यांत मुरता कामा नये. चुलीचा धूर, उदबत्तीची काजळी, धूळ यानंच निघते.

मग खुर्चीचे हात. पुढच्या टोकाला, जिथं तळवे टेकतात, तिथं घाम, डोक्याचं तेल आणि धूळ यांचा काळा, किंचित चिकट थर बसलेला असतो. नखानं ओरखडलं की नखात मेणासारखा येतो. याला पाणी पुरत नाही. टर्पेंटाइनमध्ये फडकं भिजवून पाच मिनिटं त्या जागी ठेवा, मग सगळ्यात बारीक स्टील वूल घेऊन रेषेच्या दिशेनं हलक्या हातानं फिरवा. पहिल्या फडक्यावर काळं येतं, दुसऱ्यावर तपकिरी. तपकिरी यायला लागलं की थांबा, कारण आता जे उतरतंय ते पॉलिश आहे.

लोखंडी खिळ्यांभोवतीचे निळे-काळे डाग टर्पेंटाइननं जात नाहीत. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन मिळून ते झालेले असतात. ते पॉलिशखालीच असतात, त्यामुळे उघड्या लाकडावरच ऑक्झॅलिक अॅसिडचं कोमट पाण्यातलं द्रावण ब्रशनं लावा, डाग फिकट झाला की स्वच्छ पाण्यानं तीन-चारदा पुसून काढा. हे विष आहे, हातमोजे हवेतच, आणि वाळल्यावर राहिलेली पांढरी पूड घासून उडवू नका, ओल्या फडक्यानंच टिपा. हा डाग खुर्चीच्या खालच्या बाजूला असेल तर मी त्याच्या वाटेला जाणार नाही.

फिरत्या फळ्यांचे पितळी स्क्रू आणि चकत्या काढून घेऊन पितांबरीनं किंवा चिंचेनं घासा. जागेवर घासलं तर चिंचेचं पाणी लाकडात उतरतं. आरशासारखं चकचकीत करायचं की थोडं काळपट ठेवायचं ही आपापली आवड. मला काळपट बरं दिसतं.

जुन्या खुर्चीवर ऑइलपेंट असेल तर मात्र सावध. घरगुती रंगांमधल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, आणि ते पोटात जाणं लहान मुलांना फार घातक. असा रंग कोरडा घासायचा नाही. पेंट रिमूव्हर लावून, उघड्यावर, खरवडणीनं ओला ओलाच काढायचा, खाली वर्तमानपत्र अंथरायचं आणि तो कचरा गुंडाळून टाकायचा. मास्क साधा कापडी नको. कॉस्टिक सोड्यात बुडवून रंग काढून देणारेही असतात. झटपट होतं, पण साग काळवंडतो आणि सांध्यांतला सरस सुटतो.

चपडीचं पॉलिश

चपडी म्हणजे लाखेच्या किड्यानं पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर केलेल्या लाखेची शुद्ध पातळ पापडी. १९२४ साली रांचीजवळ नामकुमला लाखेवरच्या संशोधनाची संस्था निघाली, इतका हा धंदा आपल्याकडे मोठा. पीयूपुढे चपडी नाजूक आहे हे कबूल. गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं, दारू सांडली तर विरघळते. पण बिघडली तर तेवढ्याच भागात दुरुस्त होते. पीयू उडालं की सगळंच खरवडावं लागतं. जुन्या खुर्चीवर मूळ चपडी असेल तर दुसरं काही लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

काचेच्या बरणीत अर्धा लिटर पॉलिशचं स्पिरिट घ्या, त्यात शंभर ग्रॅम चपडी घाला, झाकण लावून रात्रभर ठेवा, अधूनमधून हलवा. लोखंडी डबा वापरू नका, पॉलिश काळं पडतं. दुसऱ्या दिवशी जुन्या सुती कापडातून गाळून घ्या. बरणीवर तारीख लिहा. सहा महिन्यांपेक्षा जुनं पॉलिश नीट वाळत नाही, चिकट राहतं. शंका आली तर काचेवर थेंब टाकून पाहा, तासाभरात नखाला कडक लागला पाहिजे. स्पिरिट पेट घेतं. त्या खोलीत गॅस, देवापुढचं निरांजन, उदबत्ती काही नको.

जुनं पॉलिश शाबूत आहे पण निस्तेज आहे, अशा भागांना आधी ३२० नंबरच्या पॉलिशपेपरनं नुसतं कुरवाळल्यासारखं घासा, रेषेच्या दिशेनंच. जिथं लाकूड उघडं पडलंय तेवढ्याच जागी १८० आणि मग २२० नंबर. बारीक भोकं आणि चिरा भरायला खडूची पूड, गेरू, पिवळी माती आणि चिमूटभर काजळी चपडीत कालवून लांबी (भोकं बुजवायचा लगदा) करा. वाळलेल्या लाकडाशी रंग जुळवू नका, ओल्या फडक्यानं लाकूड ओलं करून जुळवा, कारण पॉलिशनंतर ते तसंच दिसणार असतं.

आता पुरचुंडी. लिंबाएवढा कापसाचा गोळा घेऊन तो मऊ झालेल्या जुन्या धोतराच्या किंवा पंचाच्या तुकड्यात बांधा. खालची बाजू सपाट आणि बिनसुरकुतीची हवी. पॉलिश आतल्या कापसावर ओतायचं, कापडावर नाही. मग पुरचुंडी कागदावर दाबून पाहा. ओला शिक्का उमटला पण ओघळ आला नाही, म्हणजे बरोबर. लाकडाच्या एका टोकाबाहेरून सुरुवात करा, सरळ दुसऱ्या टोकाबाहेर न्या. विमान धावपट्टीवर टेकून परत उडावं तसा हात यायला-जायला हवा, कारण मधे क्षणभर जरी थांबलात तरी पुरचुंडी चिकटते आणि खालचा थर उचलून आणते. चिकटलीच तर पुसत बसू नका. ती जागा दुसऱ्या दिवसापर्यंत वाळू द्या, ३२० नं हलकं घासा आणि पुढे चला.

पॉलिशच्या दोन हातांमधे अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. दिवसाला तीन-चार हात पुरे. दर दिवशी सकाळी ४०० नंबरनं धूळ आणि उठलेले तंतू काढायचे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पुरचुंडी आठच्या आकड्यात फिरवता येते. ती ओढायला लागली की कापडावर जवसाच्या तेलाचा एकच थेंब लावा. उघड्या जागी सात-आठ हात लागतील, जुन्या पॉलिशवर दोन-तीन पुरतात. सगळीकडे सारखी चमक आणायच्या नादात शाबूत भागावर थर चढवत बसू नका. शेवटी स्पिरिटनं जेमतेम ओलसर केलेल्या नव्या पुरचुंडीनं एकदा झरझर पुसून घ्या, म्हणजे वर आलेलं तेल निघतं.

तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चुरगाळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पाण्यात भिजवून किंवा एकेक पसरून वाळवून मगच टाका. आणि दर दिवाळीला खुर्चीला खोबरेल चोळणाऱ्यांना विनंती, नका चोळू. खोबरेल कधी वाळत नाही, त्यावर धूळ बसते आणि हातावरचा तो काळा थर त्यातूनच वाढतो. काही लावायचंच तर मधमाश्यांचं मेण एक भाग आणि टर्पेंटाइन तीन भाग. मेण गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा, गॅस बंद करून भांडं चुलीपासून लांब आणा आणि मगच टर्पेंटाइन घाला. थंड झालं की लोण्यासारखं होतं. पॉलिश आठवडाभर कडक झाल्यावर ते हातांवर आणि पायांवर पातळ लावा, अर्ध्या तासानं कोरड्या फडक्यानं घासा.

वेत

जुनं वेत फाटलेलं असेल तर ते सांधे उघडायच्या आधीच काढावं लागतं. पण कात्री लावताना चौकटीच्या आतल्या कडेनं कापून जाळी एका तुकड्यात काढा आणि जपून ठेवा. पट्टीची रुंदी, विणीची दिशा, सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. भोकांत अडकलेले तुकडे खिळ्यानं मागून ठोकून काढा. बाजारात त्याच जाडीचा वेत मागताना जुना तुकडा सोबत न्या. साधारणपणे भोकं अर्ध्या इंचावर असतील तर सव्वादोन ते अडीच मिलिमीटर आणि पाऊण इंचावर असतील तर तीन मिलिमीटर रुंदीची पट्टी लागते. चौकटीला भोकांऐवजी सलग खाच असेल तर तिथं तयार विणलेली वेताची चटई दाबून बसवलेली असते. ते काम वेगळं आणि बरंच सोपं. प्लॅस्टिकचा वेत स्वस्त आणि टिकाऊ आहे, पण तो ओला केला तरी ताणून बसत नाही, आणि उन्हाळ्यात पाठीला चिकटतो.

विणायला माणूस शोधायचा तर अंधांच्या संस्थांकडे आधी चौकशी करा. खुर्च्या विणण्याचं शिक्षण तिथं पूर्वापार दिलं जातं आणि ती वीण फार एकसारखी असते. बांबूकाम करणाऱ्या बुरूड मंडळींनाही कोण वेत विणतं हे ठाऊक असतं. स्वतः करायचं असेल तर धीर हवा, अवघड असं त्यात काही नाही.

पट्टी वापरण्यापूर्वी वीस मिनिटं कोमट पाण्यात भिजवा. एका वेळी तीन-चारच. फार वेळ राहिली तर काळी पडते. चकचकीत बाजू नेहमी वर. पहिला फेरा उभा, मधल्या भोकापासून सुरू करून दोन्ही बाजूंना, आणि पट्टी सुटू नये म्हणून भोकात बांबूच्या कामटीची खुंटी. दुसरा फेरा आडवा, पहिल्यावर नुसता टाकायचा. तिसरा परत उभा, त्याच भोकांतून, दुसऱ्याच्या वरून, पहिल्या पट्टीच्या जरा उजवीकडे. इथपर्यंत विणणं नाहीच. चौथ्या फेऱ्यात आडवी पट्टी तिसऱ्याच्या वरून आणि पहिल्याच्या खालून काढत न्यायची. हा फेरा जीव खातो, पण संपला की जाळी एकदम घट्ट होते. हे चार फेरे फार ताणू नका, नाहीतर तिरक्या पट्ट्यांना जागाच उरत नाही.

पाचवा आणि सहावा फेरा तिरका. एक तिरकी उभ्या जोड्यांच्या खालून आणि आडव्या जोड्यांच्या वरून जाते, तिला छेदणारी दुसरी बरोबर उलट. बरोबर जातेय का हे बोटांनाच कळतं. नीट घेतलेली पट्टी चौकोनाच्या कोपऱ्यातून सुळकन सरकते. चुकीची घेतली तर ती जोड्यांमध्ये अडकते, ओढल्यावर करकरते आणि तिची कड कातरते. असं झालं की तिथंच थांबून सोडवा. दहा पट्ट्या पुढे गेल्यावर सोडवणं जिवावर येतं. दोन्ही तिरक्या झाल्या की अष्टकोनी भोकांची ती ओळखीची जाळी तयार होते. सातवा फेरा म्हणजे कडेच्या भोकांवर रुंद पट्टी ठेवून ती बारीक पट्टीनं टाके घालून बांधायची. खालच्या गाठी ओल्या असतानाच आवळा, खुंट्या काढा, आणि खुर्ची दोन दिवस सावलीत वाळू द्या. वाळताना जाळी आणखी ताणते आणि बोटानं टिचकी मारली की डफासारखा आवाज येतो. नवा वेत पिवळट दिसतो, दोन-तीन वर्षांत लाकडाशी जुळतो. घाई असेल तर कडक चहाचं पाणी खालच्या बाजूनं लावून बघा, पण आधी उरलेल्या तुकड्यावर.

वेत फाटलेला नसून नुसता खाली झोळला असेल तर यातलं काहीच करायची गरज नाही. खुर्ची उलटी करा, जाळीच्या खालच्या बाजूवर, जिथं चकाकी नसते, गरम पाण्यात पिळलेला जाड टॉवेल अर्धा तास ठेवा आणि मग सावलीत, वाऱ्यावर वाळवा. कुणालाही बसू न देता एक दिवस जाऊ द्या. जाळी परत वर येते. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी, हवा कोरडी झाली की, हे एकदा करत गेलं तर वेत लवकर तडकत नाही. आणि मुलांना सांगून ठेवा, या खुर्चीत मांडी घालून किंवा लवंडून बसा, पण गुडघे टेकून किंवा उभं राहून पंखा पुसायला चढू नका. वेत पसरलेलं वजन पेलतो, एका जागी टेकलेला गुडघा पेलत नाही.